इनॉसिटॉल

इनॉसिटॉल हे ग्लुकोजशी जवळचे नाते असलेले, चवीला सौम्य गोड असे सेंद्रिय संयुग आहे. वनस्पती, प्राणी आणि मानव यांच्या जवळजवळ सर्व पेशींमध्ये ते आढळते. पेशीपटलाची घडण आणि इन्सुलिनसह अनेक संप्रेरकांचे संदेश पेशीच्या आत पोहोचवणे ही त्याची प्रमुख कार्ये आहेत. एकेकाळी त्याची गणना ब-जीवनसत्त्व गटात केली जात असे. परंतु मानवी शरीर ते स्वतः तयार करू शकत असल्यामुळे आता त्याला जीवनसत्त्व मानले जात नाही. एकविसाव्या शतकात स्त्रियांमधील पीसीओएस या विकारासाठी पोषणपूरक म्हणून त्याचा वापर मोठ्या प्रमाणात वाढला. या वापराचा काही चयापचयी लाभ दिसून आला असला, तरी पाळी नियमित होणे, गर्भधारणा किंवा वजन घटणे याबाबतचा पुरावा मर्यादित आहे.

नाव आणि इतिहास

जर्मन वैद्य व रसायनशास्त्रज्ञ योहान योझेफ शेरर यांनी १८५० मध्ये स्नायूंच्या अर्कातून हा पदार्थ प्रथम वेगळा केला. स्नायू किंवा तंतू या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला नाव मिळाले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लेओं माकेन यांनी १८८७ मध्ये त्याची वलयाकार रचना दाखवून दिली. १९४० च्या सुमारास डी. डब्ल्यू. वूली यांना हा घटक नसलेल्या आहारावर वाढवलेल्या उंदरांचे केस गळतात असे आढळले. त्यामुळे इनॉसिटॉल हे जीवनसत्त्व असावे, असा समज रूढ झाला. काही उत्पादनांच्या वेष्टनांवर आजही दिसणारे 'जीवनसत्त्व ब-८' हे नाव याच समजुतीचा अवशेष आहे.

इनॉसिटॉलचे पेशीतील कार्य उलगडण्यास १९५० च्या दशकात सुरुवात झाली. लोवेल व मेबल होकिन या दांपत्याने १९५३ मध्ये स्वादुपिंडाच्या ऊतींवर प्रयोग केले. ऊतींना उत्तेजन मिळताच पेशीपटलातील फॉस्फरसयुक्त मेदद्रव्यांची उलाढाल वाढते, असे त्यांनी दाखवले. इनॉसिटॉलयुक्त मेदद्रव्य त्यांपैकीच असल्याचे पुढे स्पष्ट झाले. १९८३ मध्ये मायकेल बेरिज व त्यांच्या सहकाऱ्यांनी इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट हा पदार्थ पेशीतील साठ्यातून कॅल्शियम मोकळे करतो हे सिद्ध केले. संप्रेरकाचा संदेश पेशीच्या बाहेरून आत कसा पोहोचतो, या प्रश्नाचे एक महत्त्वाचे उत्तर त्यातून मिळाले.

रासायनिक रचना

इनॉसिटॉलच्या रेणूत ६ कार्बन, १२ हायड्रोजन व ६ ऑक्सिजन अणू असतात. हे प्रमाण ग्लुकोजसारखेच आहे. मात्र इनॉसिटॉलमधील सहाही कार्बन अणूंचे एक बंद वलय असते आणि प्रत्येक कार्बनला एक हायड्रॉक्सिल गट जोडलेला असतो. हे गट वलयाच्या वर किंवा खाली असू शकतात. त्यांच्या मांडणीनुसार इनॉसिटॉलचे एकूण ९ समघटक संभवतात. निसर्गात सर्वाधिक आढळणारा समघटक म्हणजे मायो-इनॉसिटॉल. आरोग्याच्या दृष्टीने त्याखालोखाल डी-कायरो-इनॉसिटॉल महत्त्वाचे समजले जाते.

शुद्ध स्वरूपात मायो-इनॉसिटॉल ही पांढरी स्फटिकमय भुकटी असते. ती पाण्यात सहज विरघळते. तिची गोडी नेहमीच्या साखरेच्या सुमारे निम्मी असते. व्यापारी उत्पादनासाठी मका भिजवलेले पाणी किंवा तांदळाचा कोंडा यांतील फायटिक अम्लाचे विघटन केले जाते. पिष्टापासून एंझाइमांच्या साहाय्याने ते तयार करण्याच्या पद्धतीही आता प्रचलित आहेत.

शरीरातील निर्मिती आणि कार्य

मानवी शरीर ग्लुकोजपासून मायो-इनॉसिटॉल तयार करते. ही निर्मिती प्रामुख्याने मूत्रपिंडांत होते. निरोगी प्रौढ व्यक्तीची दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे ४ ग्रॅम मायो-इनॉसिटॉल तयार करतात. त्यातील काही अंशाचे रूपांतर एका एंझाइमाच्या साहाय्याने डी-कायरो-इनॉसिटॉलमध्ये होते. हे रूपांतर इन्सुलिनच्या प्रभावाखाली चालते. रक्तद्रवात या दोन समघटकांचे प्रमाण साधारण ४० ला १ असे असते. वेगवेगळ्या ऊतींमध्ये ते निरनिराळे आढळते.

पेशीपटलातील इनॉसिटॉल मेदद्रव्याशी जोडलेल्या रूपात असते. संप्रेरक पेशीच्या बाह्य पृष्ठभागावरील ग्राहीला चिकटले की या संयुगाचे विघटन होते. त्यातून सुटणारे इनॉसिटॉल ट्रायफॉस्फेट पेशीच्या आत जाऊन कॅल्शियम मोकळे करते आणि पुढील क्रियांना चालना मिळते. बीजांडकोशाला स्त्रीबीज वाढवण्याचा आदेश देणाऱ्या पुटक-उद्दीपक संप्रेरकाच्या कार्यातही मायो-इनॉसिटॉलचा सहभाग असल्याचे मानले जाते. इन्सुलिनच्या कार्यातील डी-कायरो-इनॉसिटॉलच्या भूमिकेवर अमेरिकी संशोधक जोसेफ लार्नर यांनी दीर्घकाळ काम केले. दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहाच्या रुग्णांच्या मूत्रात या समघटकाचे प्रमाण कमी असल्याचे त्यांच्या गटाला आढळले. त्यातूनच त्याचा औषधासारखा वापर करण्याची कल्पना पुढे आली.

आहारातील स्रोत

फळे, कडधान्ये, तृणधान्ये, तेलबिया आणि सुकामेवा यांतून इनॉसिटॉल मिळते. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणानुसार १,८०० कॅलरींच्या आहारातून, पदार्थांच्या निवडीनुसार, दिवसाला २२५ ते १,५०० मिलिग्रॅम मायो-इनॉसिटॉल मिळू शकते. ताज्या फळांमध्ये संत्र्यासारखी लिंबूवर्गीय फळे आणि खरबूज हे चांगले स्रोत आहेत. आईच्या दुधातही, विशेषतः प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत, त्याचे प्रमाण लक्षणीय असते.

विदर्भातील पारंपरिक आहारात इनॉसिटॉलचे अनेक स्रोत सहज येतात. यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजी तालुका हा कापूस, सोयाबीन व तूर पिकवणाऱ्या पट्ट्यात मोडतो. ज्वारी, तूर, हरभरा, तीळ, जवस आणि नागपुरी संत्री हे या भागाच्या परिचयाचे अन्नपदार्थ आहेत. सोयाबीनमध्ये डी-कायरो-इनॉसिटॉलशी जवळचे रासायनिक नाते असलेले पिनिटॉल हे संयुग असते, तर हरभऱ्यात त्याच कुळातील सिसेरिटॉल आढळते. मात्र सोयाबीन हे मुख्यतः नगदी पीक आहे. बाजार समितीतून ते तेल गाळप उद्योगाकडे जाते आणि तेल काढल्यानंतर उरणारी पेंड बहुतांशी पशुखाद्यात वापरली जाते. त्यामुळे शेतात पिकणाऱ्या सोयाबीनचा अल्प भागच शेतकरी कुटुंबाच्या ताटात येतो.

फायटिक अम्ल आणि लोहाचे शोषण

धान्य व कडधान्यांतील बरेचसे इनॉसिटॉल मोकळ्या स्वरूपात नसते. वनस्पती बियांमध्ये फॉस्फरसचा साठा करताना इनॉसिटॉलच्या वलयाला सहा फॉस्फेट गट जोडतात. अशा रीतीने बनणाऱ्या संयुगाला फायटिक अम्ल म्हणतात. मानवी आतड्यात त्याचे विघटन करणारे फायटेज हे एंझाइम फार कमी असते. शिवाय फायटिक अम्ल लोह व जस्त यांना घट्ट बांधून ठेवते आणि त्यांचे शोषण घटवते.

स्त्रियांच्या आरोग्याच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील पाचव्या फेरीत भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांना तो होता. रक्तक्षयाची कारणे अनेक असली, तरी धान्यप्रधान आहारातील लोहाचे अपुरे शोषण हे त्यांपैकी एक आहे.

स्वयंपाकाच्या काही प्रचलित पद्धतींमुळे फायटिक अम्ल कमी होते. कडधान्य भिजवून त्याला मोड आणले की बियांमधील फायटेज कार्यरत होते, फायटिक अम्लाचे विघटन होते व इनॉसिटॉलही मोकळे होऊ लागते. पीठ आंबवण्याचाही असाच परिणाम होतो. मोड आलेल्या मटकीची उसळ किंवा ज्वारीची आंबील ही याची घरगुती उदाहरणे होत. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू यांसारखे क जीवनसत्त्वयुक्त पदार्थ असल्यास लोहाचे शोषण सुधारते, तर जेवणासोबत घेतलेल्या चहाने ते घटते.

पीसीओएसमधील वापर

पीसीओएस हा प्रजननक्षम वयातील स्त्रियांमध्ये आढळणारा संप्रेरकांचा व चयापचयाचा विकार आहे. बोलीभाषेत त्याला 'पीसीओडी' असेही म्हटले जाते. शिकागो येथील स्टाइन व लेव्हेन्थाल यांनी १९३५ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्यामुळे चेहऱ्यावर व अंगावर येणारे जाड केस किंवा मुरुम आणि बीजांडकोशात अनेक लहान पुटके दिसणे ही त्याची मुख्य लक्षणे आहेत. २००३ मधील रॉटरडॅम निकषांनुसार या तीनपैकी दोन लक्षणे असल्यास व इतर कारणे वगळल्यास प्रौढ स्त्रीमध्ये निदान केले जाते.

या विकारात पुष्कळदा इन्सुलिन-रोध आढळतो. शरीर इन्सुलिनला पुरेसा प्रतिसाद देत नसल्याने स्वादुपिंड अधिक इन्सुलिन स्रवते. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी संप्रेरके अधिक तयार करण्यास उद्युक्त करते आणि त्यामुळे स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया खंडित होते. इनॉसिटॉलमुळे इन्सुलिनचा संदेश सुधारल्यास हे दुष्टचक्र सैल होईल, हा त्याच्या वापरामागील तर्क आहे.

चिकित्सालयीन चाचण्या

अमेरिकी संशोधक जॉन नेस्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली चाचणी या विषयात पायाभूत ठरली. त्यात पीसीओएस असलेल्या ४४ स्थूल स्त्रियांचा समावेश होता. दररोज १,२०० मिलिग्रॅम डी-कायरो-इनॉसिटॉल घेणाऱ्या २२ पैकी १९ जणींमध्ये, तर औषधविरहित गोळी घेणाऱ्या २२ पैकी ६ जणींमध्ये बीजमोचन झाले. निष्कर्ष आशादायक असला तरी चाचणी लहान होती. पुढे मायो-इनॉसिटॉलवर, तसेच दोन्ही समघटकांच्या ४० ला १ अशा मिश्रणावर अनेक चाचण्या झाल्या. त्यांपैकी बऱ्याच चाचण्यांत सहभागी स्त्रियांची संख्या मर्यादित होती आणि कार्यपद्धतीत त्रुटी होत्या.

वंध्यत्वाच्या संदर्भात कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १३ चाचण्यांचा आढावा घेतला. मायो-इनॉसिटॉलमुळे पीसीओएस असलेल्या स्त्रियांमध्ये जिवंत बालक जन्मण्याचे प्रमाण वाढते की नाही, याबाबत खात्रीशीर निष्कर्ष त्यातून निघू शकला नाही.

मार्गदर्शक तत्त्वे

ऑस्ट्रेलियातील मोनाश विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली २०२३ मध्ये पीसीओएसविषयीची सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांनुसार इनॉसिटॉलमुळे अपाय होण्याची शक्यता अल्प आहे आणि चयापचयाच्या काही मापनांत सुधारणा संभवते. त्यामुळे स्त्रीची स्वतःची पसंती लक्षात घेऊन त्याचा विचार करता येतो. मात्र बीजमोचन, अनावश्यक केस किंवा वजन यांवर त्याचा लाभ मर्यादित आहे. अनावश्यक केस व पोटाभोवतीची चरबी यांसाठी इनॉसिटॉलपेक्षा मेटफॉर्मिन या औषधाचा विचार करावा, परंतु मेटफॉर्मिनमुळे पोटाच्या तक्रारी अधिक होतात, असेही त्यांत नमूद आहे. इनॉसिटॉलचा विशिष्ट प्रकार, मात्रा किंवा मिश्रण यांची शिफारस या तत्त्वांमध्ये केलेली नाही. ४० ला १ हे प्रमाण सर्वश्रेष्ठ असल्याचा दावा म्हणूनच पूर्णतः सिद्ध मानला जात नाही.

महाराष्ट्रातील स्थिती

मुंबईतील परळ येथील राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी शहरातील १५ ते २४ वयोगटातील मुली व तरुणींचा समाजाधारित अभ्यास केला. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पीसीओएसचे प्रमाण रॉटरडॅम निकषांनुसार २२.५ टक्के, तर अधिक काटेकोर अशा दुसऱ्या निकषांनुसार १०.७ टक्के आढळले. कोणते निकष वापरले यावर आकडा किती अवलंबून असतो, हे या तफावतीवरून दिसते. निदान झालेल्यांपैकी बहुतेक जणी स्थूल नव्हत्या, हाही एक लक्षणीय निष्कर्ष होता.

पुण्यातील के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनातून या निष्कर्षाला पूरक पार्श्वभूमी मिळते. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात तेथील नवजात बालके वजनाने कमी असूनही त्यांच्या शरीरातील मेदाचे प्रमाण तुलनेने अधिक असल्याचे दिसले. बाहेरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय व्यक्तीतही इन्सुलिन-रोध असू शकतो, ही संकल्पना अशा संशोधनातून पुढे आली. भारतीय स्त्रियांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटरपेक्षा अधिक असणे हे चयापचयी धोक्याचे लक्षण समजले जाते.

घाटंजीसारख्या ग्रामीण तालुक्यांच्या दृष्टीने निदानाचा क्रम विशेष महत्त्वाचा ठरतो. २०२३ च्या तत्त्वांनुसार प्रौढ स्त्रीची पाळी अनियमित असेल, पुरुषी संप्रेरकांच्या आधिक्याची चिन्हे स्पष्ट असतील व इतर कारणे वगळली गेली असतील, तर निदानासाठी सोनोग्राफी आवश्यक नसते. पहिल्या पाळीनंतरच्या आठ वर्षांत केवळ सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असेही त्यांत सुचवले आहे. कारण या वयात बीजांडकोशात अनेक पुटके दिसणे स्वाभाविक असते. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षातील अनियमितता नैसर्गिक मानली जाते. याउलट, तीन वर्षांनंतरही पाळी ३५ दिवसांपेक्षा अधिक लांबत असेल किंवा वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर तपासणी आवश्यक ठरते. पाळीचा इतिहास, रक्तदाब, वजन, कमरेचा घेर आणि रक्तातील साखर या प्राथमिक नोंदी ग्रामीण आरोग्य केंद्रातही होऊ शकतात. पुढील उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी, यवतमाळ येथे, १९८९ मध्ये स्थापन झालेले श्री वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय आहे.

मात्रा आणि दुष्परिणाम

बहुतेक चाचण्यांमध्ये मायो-इनॉसिटॉल दिवसातून दोन वेळा प्रत्येकी २ ग्रॅम, म्हणजे एकूण ४ ग्रॅम इतके दिले गेले. ते सहसा पाण्यात मिसळण्याच्या पुडीच्या स्वरूपात असते आणि अनेकदा त्यात फॉलिक अम्ल घातलेले असते. या मात्रेत दुष्परिणाम क्वचित दिसतात. दिवसाला १२ ग्रॅम किंवा त्याहून अधिक मात्रेत मळमळ, पोटात वायू होणे व जुलाब अशा तक्रारी आढळल्या आहेत. डी-कायरो-इनॉसिटॉलची मोठी मात्रा स्त्रीबीजाच्या गुणवत्तेस अपायकारक ठरू शकते, असे काही अभ्यासांत सूचित झाले आहे.

लिथियम हे मनोविकारावरील औषध इनॉसिटॉलच्या पुनर्निर्मितीत अडथळा आणते. त्यामुळे लिथियम घेणाऱ्या व्यक्तींच्या बाबतीत सावधगिरी सुचवली जाते. मधुमेहाची औषधे सुरू असताना इनॉसिटॉल घेतल्यास रक्तातील साखरेवर लक्ष ठेवणे आवश्यक असते. गरोदरपणातील मधुमेह टाळण्यासाठीही त्याचा अभ्यास झाला आहे. इटलीतील काही चाचण्यांत लाभ दिसला, परंतु सर्वत्र लागू करण्याइतका पुरावा अद्याप जमलेला नाही.

कायदेशीर दर्जा

भारतात आरोग्यपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या उत्पादनांचे नियमन अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अंतर्गत होते. त्यासाठी २०१६ मध्ये स्वतंत्र विनियम अधिसूचित करण्यात आले. त्यांनुसार अशा उत्पादनाच्या वेष्टनावर ते औषधी वापरासाठी नसल्याचे नमूद करावे लागते. महाराष्ट्रात या कायद्याची अंमलबजावणी राज्याचे अन्न व औषध प्रशासन करते. आरोग्यपूरकाला बाजारात येण्यापूर्वी औषधाप्रमाणे रोगावरील परिणामकारकता सिद्ध करावी लागत नाही. मेटफॉर्मिन हे भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय सूचीत समाविष्ट आहे. इनॉसिटॉलचा तीत समावेश नाही. त्यामुळे इनॉसिटॉलचा खर्च बहुधा रुग्णाच्या कुटुंबालाच करावा लागतो.

मर्यादा आणि गैरसमज

इनॉसिटॉलमुळे पीसीओएस मुळापासून बरा होतो, हा समज चुकीचा आहे. संतुलित आहार, नियमित व्यायाम आणि पुरेशी झोप हा उपचारांचा पाया मानला जातो. पूरक पदार्थ त्याची जागा घेऊ शकत नाहीत. पाळी लांबण्यामागे गर्भधारणा, अवटू ग्रंथीचे विकार, प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे आधिक्य किंवा तीव्र कुपोषण अशी इतर कारणेही असू शकतात. तपासणीविना पूरक सुरू केल्यास त्यांचे निदान लांबण्याचा धोका असतो. पाळी वारंवार ९० दिवसांहून अधिक काळ येत नसेल, तर गर्भाशयाच्या अंतःस्तराची अनिष्ट वाढ होऊ शकते आणि ती रोखण्यासाठी संप्रेरकांचा उपचार लागतो. इनॉसिटॉल हा त्याला सिद्ध पर्याय नाही.

पीसीओएस असलेल्या स्त्रीला मूल होऊच शकत नाही, हाही एक प्रचलित गैरसमज आहे. योग्य उपचारांनी यांतील बहुसंख्य स्त्रियांना गर्भधारणा होते. बीजमोचन घडवून आणण्यासाठी लेट्रोझोल हे औषध प्रथम पसंतीचे मानले जाते. विवाह आणि मातृत्व यांविषयीच्या सामाजिक दडपणामुळे या विकाराबद्दल भीती निर्माण होते आणि अतिरंजित जाहिरातींना प्रतिसाद मिळतो. इनॉसिटॉल हे तुलनेने सुरक्षित, पण मर्यादित उपयोगाचे पूरक आहे, हेच उपलब्ध पुराव्यावरून दिसते.

हेही पाहा

इन्सुलिन
पीसीओएस
फायटिक अम्ल
मधुमेह
रक्तक्षय